प्रश्न एक, उत्तरे दोन



कामगार चळवळीत उमेद घालविलेल्या माणसाने या व्यासपीठावर उभे राहून जपानमधील पाच वर्षांच्या मुलांविषयी बोलावे, याचे आपणांपैकी पुष्कळांना नवल वाटेल. बोनस, महागाई भत्ता, कंत्राटी पद्धत हे आमचे रोजचे विषय. भाषाशास्त्राशी आमचा संबंध काय, असे कोणी विचारले तर ते गैर नव्हे. परंतु थोडा विचार केला तर असे दिसेल, की आमचा सारा व्यवसाय प्रश्न आणि उत्तर या दोन गोष्टींवर चालतो. वाटाघाटीच्या टेबलावर प्रश्न, चौकशीच्या खोलीत प्रश्न, कामगार न्यायालयात प्रश्न. कोणी काय विचारले आणि ऐकणाऱ्याने त्यातून काय ऐकले, यावर कित्येक घरांची चूल पेटते किंवा विझते. म्हणून प्रश्न ऐकताना माणसाच्या डोक्यात काय घडते हे समजून घेण्याचा छंद आम्हांस लागला. हा शोध घेताना असे आढळले, की या बाबतीत फार मोलाची माहिती लहान मुलांनी दिली आहे आणि त्यांत जपानी बोलणाऱ्या मुलांचा वाटा मोठा आहे.

जपानी भाषेकडे आम्ही वळलो तेही पोटाच्या कामासाठीच. जपानी भागीदारी असलेल्या एका कारखान्यात आमची युनियन होती. तेथे बैठकींत जपानी अधिकारी आमच्या प्रत्येक वाक्यावर मान हलवून ‘हाय, हाय’ म्हणत. ‘हाय’ म्हणजे ‘होय’, एवढे कळल्यावर आमच्या काही सोबत्यांनी मागण्या मान्य झाल्याचे धरून पेढ्यांची भाषा सुरू केली. खरे पाहता त्या ‘हाय’चा अर्थ बहुधा ‘ऐकतो आहे, पुढे बोला’ एवढाच असतो. हे ध्यानात आल्यावर आम्ही एक प्राथमिक पुस्तक मिळवून रात्री घरी जपानीचे धडे गिरवले. पंडित झालो नाही. पण वाक्याचा सांगाडा ओळखता येऊ लागला, आणि तो सांगाडा पाहून आम्ही चकित झालो. कारण तो आपल्या मराठीचाच सख्खा भाऊ शोभावा असा आहे.

प्रथम आपल्या घरचेच उदाहरण घेऊ. कारखान्याच्या दारात एक कामगार दुसऱ्याला विचारतो, “मालक केव्हा पगार देतो म्हणाले?” या प्रश्नाला दोन उत्तरे संभवतात. एक, “सात तारखेला.” म्हणजे पगार सात तारखेला होणार. दुसरे, “काल संध्याकाळी.” म्हणजे मालकांनी ही गोष्ट काल संध्याकाळी सांगितली. ‘केव्हा’ हा शब्द एकच. पण तो ‘देतो’ या क्रियापदाला जोडावा की ‘म्हणाले’ या क्रियापदाला, हे वाक्य स्वतः सांगत नाही. व्याकरणाच्या दृष्टीने दोन्ही जोडण्या योग्य आहेत. ज्याला पगाराची चिंता आहे तो पहिला अर्थ घेईल, आणि मालकांचा शब्द कितपत ताजा आहे हे ज्याला पाहावयाचे आहे तो दुसरा घेईल. अशा प्रश्नाला आपण द्व्यर्थी प्रश्न म्हणू.

आता जपानी वाक्य पाहा. “दोको-दे युकिको-चान-वा चोउचो-ओ त्सुकामाएरु-तो इत्तेता-नो?” ऐकावयास परके वाटते, पण एकेक शब्द सोडवा. ‘दोको’ म्हणजे कोठे, आणि ‘दे’ हा क्रिया जेथे घडते ते स्थळ दाखविणारा प्रत्यय. ‘युकिको’ हे मुलीचे नाव, ‘चान’ ही लहानांच्या नावापुढे लावावयाची लाडाची पुस्ती, आणि ‘वा’ हा कोणाविषयी बोलणे चालले आहे ते दाखविणारा प्रत्यय. ‘चोउचो’ म्हणजे फुलपाखरू, ‘ओ’ हा कर्माचा प्रत्यय. ‘त्सुकामाएरु’ म्हणजे पकडते किंवा पकडणार. ‘तो’ म्हणजे आपले ‘असे’. ‘इत्तेता’ म्हणजे म्हणत होती, आणि शेवटचा ‘नो’ हा आपल्या प्रश्नार्थक ‘का’चा भाऊबंद. सगळे जुळवले की वाक्य होते: “कोठे युकिको फुलपाखरू पकडणार असे म्हणत होती?” शब्दाला शब्द, प्रत्ययाला प्रत्यय. क्रियापद शेवटी, विभक्तीचा प्रत्यय नामाच्या मागून, दुसऱ्याचे बोलणे आधी आणि ‘असे म्हणाली’ नंतर. हे सारे मराठी माणसाला समजावून सांगावे लागत नाही.

या जपानी प्रश्नातही तीच मेख आहे. ‘कोठे’ हे ‘पकडणार’ याला जोडले तर फुलपाखरू पकडण्याची जागा विचारली असे होते. ‘म्हणत होती’ याला जोडले तर ती जेथे उभी राहून बोलत होती ती जागा विचारली असे होते. इंग्रजीतही असा प्रश्न करता येतो आणि तोही द्व्यर्थीच असतो. फरक एकच, पण महत्त्वाचा. इंग्रजीत ‘कोठे’ या शब्दानंतर आधी ‘सांगितले’ हे क्रियापद येते आणि मग ‘पकडणार’ येते. जपानीत आधी ‘पकडणार’ येते आणि ‘म्हणत होती’ अगदी शेवटी येते. अर्थ तोच, दोन्ही जोडण्या दोन्ही भाषांत शक्य. केवळ क्रियापदांची रांग उलटी.

या उलट्या रांगेचा उपयोग अकिरा ओमाकी, ताकुया गोरो, जेफ्री लिड्झ, कॉलिन फिलिप्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोठ्या कल्पकतेने केला. त्यांचा अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला. परीक्षेची रीत जुनी होती. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यातील जिल डी व्हिलियर्स आणि टॉम रोपर यांनी ती त्याआधी कित्येक वर्षे रूढ केली होती. मुलाला चित्रे दाखवीत एक गोष्ट सांगावयाची आणि गोष्ट संपली की प्रश्न विचारावयाचा. गोष्ट अशी रचावयाची, की प्रश्नाचे दोन्ही अर्थ घेतले तरी गोष्टीत त्यांना उत्तर असावे. समजा, एक मुलगी स्वयंपाकघरात आईला सांगते, की आज मी बागेत जाऊन फुलपाखरू पकडणार. आता “कोठे ती फुलपाखरू पकडणार असे म्हणत होती?” असे विचारले, तर ‘स्वयंपाकघरात’ हेही बरोबर आणि ‘बागेत’ हेही बरोबर. येथे मूल नापास होऊच शकत नाही. हीच या रीतीची खुबी. मूल काय चुकते हे पाहावयाचे नसून, दोन उघड्या दारांपैकी ते कोणत्या दाराने आत जाते एवढेच पाहावयाचे असते.

परिणाम काय निघाला? इंग्रजी बोलणारी पाच वर्षांच्या आसपासची मुले बहुतेक वेळा सांगण्याची जागा उत्तरादाखल देत. आपल्या उदाहरणात ‘स्वयंपाकघरात’. जपानी बोलणारी मुले बहुतेक वेळा पकडण्याची जागा देत, म्हणजे ‘बागेत’. दोन्ही भाषांतील प्रौढांचा कलही आपापल्या मुलांसारखाच होता.

येथे क्षणभर थांबून विचार करू. कोणी म्हणेल, मुलांना फुलपाखरू पकडण्यात गंमत वाटते, बोलण्यात नाही, म्हणून जपानी मुलांनी बाग सांगितली. पण मग इंग्रजी मुलांना फुलपाखरांचे वावडे होते काय? कोणी म्हणेल, मुलांना मुख्य वाक्य तेवढे कळते, आतले पोटवाक्य कळत नाही. इंग्रजी मुलांपुरते हे पटेल. पण जपानी मुलांनी नेमके पोटवाक्यच धरले. कोणी म्हणेल, गोष्टीत शेवटी आलेली जागा मुलांच्या ध्यानात राहते. तसे असते तर दोन्ही देशांत एकच उत्तर आले असते. हे सारे अंदाज गाळून पाहिले की एकच स्पष्टीकरण उरते. ‘कोठे’ हा शब्द कानावर पडला की ऐकणाऱ्याचे मन त्याला टेकावयास जागा शोधू लागते, आणि जे क्रियापद प्रथम समोर येते त्याला तो शब्द जोडून मोकळे होते. इंग्रजीत प्रथम ‘सांगितले’ येते, म्हणून सांगण्याची जागा. जपानीत प्रथम ‘पकडणार’ येते, म्हणून पकडण्याची जागा.

म्हणजे पाच वर्षांचे मूल सगळे वाक्य संपेपर्यंत हातावर हात ठेवून बसत नाही. शब्द जसजसा येईल तसतसा ते अर्थ लावीत जाते. रेल्वेच्या यार्डात मालडबा घरंगळत यावा आणि रुळावर पहिला जो डबा उभा असेल त्याला जोडला जावा, तसे हे आहे. पुढे आणखी डबे असतील, कदाचित खरी गाडी तीच असेल. पण जोडणी झालेली असते. मोठी माणसेही असेच करतात. घाईने अर्थ लावणे हा काही बालिशपणा नव्हे. बोलणे क्षणात विरून जाते; ते साठवून ठेवून मग सावकाश उलगडावे एवढी उसंत कोणालाच नसते. म्हणून मूल या बाबतीत प्रौढांच्या बरोबरीचे आहे, हा या अभ्यासातील पहिला आणि मोठा धडा.

मग मूल आणि प्रौढ यांत फरक कोठे पडतो? तो पडतो जोडणी सोडविण्यात. पहिला अर्थ चुकीचा होता असे पुढील शब्दांवरून कळले, की प्रौढ मनुष्य मनातल्या मनात डबा सोडवून दुसरीकडे जोडतो. मुलाला हे जड जाते. याचे प्रसिद्ध उदाहरण १९९९ साली अमेरिकेत जॉन ट्रूसवेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले. पाच वर्षांच्या मुलांपुढे खेळण्यांतला एक बेडूक रुमालावर ठेवलेला, दुसरा बेडूक दुसरीकडे, शिवाय एक मोकळा रुमाल आणि एक डबा अशी मांडामांड होती. इंग्रजीत सूचना दिली, जिचा भावार्थ ‘जो बेडूक रुमालावर आहे, तो डब्यात ठेव.’ पण इंग्रजी शब्दांच्या क्रमामुळे ‘ठेव बेडूक रुमालावर’ एवढे आधी कानी पडते आणि ‘डब्यात’ हे मागाहून येते. पुष्कळ मुलांनी बेडूक उचलला आणि मोकळ्या रुमालावर नेऊन ठेवला. ‘डब्यात’ हा शब्द त्यांना ऐकू आला नव्हता असे नाही. पण आधीचा अर्थ मोडून नवा लावणे त्यांना साधले नाही. आठ वर्षांच्या मुलांना मात्र ते पुष्कळ अधिक साधले.

आपण म्हणू, हा इंग्रजीचा दोष. मराठीत ‘रुमालावरचा बेडूक’ म्हटले की काम झाले. त्या ‘चा’ने संशयाला जागाच ठेवली नाही. हे खरे आहे. परंतु प्रत्येक भाषेच्या गाठी वेगळ्या ठिकाणी असतात. जपानीप्रमाणेच क्रियापद शेवटी ठेवणारी कोरियन भाषा घ्या. तेथे असा एक प्रत्यय आहे, की ‘रुमालावर’ आणि ‘रुमालावरचा’ या दोहोंचे काम तो एकटाच करतो. वाक्याच्या शेवटी क्रियापद ‘ठेव’ आले तर एक अर्थ, ‘उचल’ आले तर दुसरा. चार-पाच वर्षांच्या कोरियन मुलांची परीक्षा २०१० साली प्रसिद्ध झाली. शेवटी ‘उचल’ असे स्पष्ट ऐकूनही पुष्कळ मुलांनी बेडूक उचलून रुमालावर नेऊन ठेवला. क्रियापद आले, पण उशिरा आले. तोवर मनातली जोडणी पक्की झाली होती. तात्पर्य, ही अडचण एका भाषेची नाही. झालेला समज बाजूला सारून नवा समज करून घेणे ही वेगळी शक्ती आहे आणि ती सावकाश वाढते. मेंदूच्या पुढच्या भागाची जी वाढ विशीपर्यंत चालू राहते, तिच्याशी या शक्तीचा संबंध अभ्यासक जोडतात.

जपानी मुलांविषयी आणखी एक मजेदार शोध सांगण्याजोगा आहे. जपानीत ‘का’ हा शब्द ‘किंवा’ या अर्थाने वापरतात. ‘डुकराने गाजर किंवा मिरची खाल्ली नाही’ असे वाक्य जपानीत उच्चारले, तर जपानी प्रौढ त्याचा अर्थ असा घेतो, की दोहोंपैकी एक कोणती तरी खाल्ली नाही. कोणती ते ठाऊक नाही. ताकुया गोरो आणि साचिए आकिबा यांनी २००४ साली दाखविले, की जपानी लहान मुले याचा अर्थ ‘दोन्ही खाल्ली नाहीत’ असा घेतात. हा अर्थ त्यांना आईबापांनी शिकविला नाही, कारण आईबाप तसा घेतच नाहीत. उलट इंग्रजी बोलणारे प्रौढ मात्र तसाच घेतात. म्हणजे मूल हे केवळ घरात ऐकलेल्या बोलण्याचा आरसा नाही. ते स्वतःचे काही तर्क घेऊन भाषेकडे येते आणि मग वर्षानुवर्षे आपल्या समाजाच्या रीतीशी त्यांचा मेळ घालीत बसते.

आता ‘हो’ आणि ‘नाही’ यांकडे वळू, कारण आमच्या व्यवसायातील खरे दुखणे तेथे आहे. जपानी आई मुलाला विचारते, “ताबेनाई-नो?” म्हणजे “खाणार नाहीस का?” मूल “उन” म्हणाले, म्हणजे ‘हो’ म्हणाले, तर त्याचा अर्थ ‘तू म्हणतेस ते बरोबर, मी खाणार नाही’. इंग्रजीत ‘हो’ म्हटले की ‘खाणार’ असा अर्थ होतो. आपल्या मराठीत काय होते? “जेवला नाहीस का?” यावर कोणी म्हणतो, “हो, नाही जेवलो.” कोणी म्हणतो, “नाही, नाही जेवलो.” आणि कोणी नुसताच “हो” म्हणून गप्प बसतो. त्या एकट्या ‘हो’चा अर्थ काय लावावा?

हा प्रश्न घरात हसण्यावारी जाईल. चौकशीच्या खोलीत जात नाही. एका कारखान्यातील चौकशीत आम्ही कामगाराचे बचाव प्रतिनिधी म्हणून बसलो होतो. पाळी चालू असताना मशीन सोडून गेल्याचा आरोप होता. चौकशी अधिकाऱ्यांनी विचारले, “जाण्यापूर्वी सुपरवायझरला सांगितले नव्हते?” कामगार म्हणाला, “हो साहेब.” त्याला म्हणावयाचे होते, हो, सांगितले होते. लेखनिकाने लिहिले: सांगितले नव्हते हे कबूल. आम्ही तेथेच हरकत घेतली, प्रश्न जसाच्या तसा आणि उत्तर जसेच्या तसे लिहावयास लावले, आणि त्यानंतर सरळ प्रश्न विचारविला, “जाण्यापूर्वी तुम्ही कोणाला काय सांगितले?” तेव्हा त्याने सुपरवायझरचे नाव, जागा, वेळ सगळे सांगितले. त्या एका ‘हो’वर त्याची सतरा वर्षांची नोकरी टांगली गेली होती. ही प्रौढ, संसारी माणसाची गोष्ट. मग पाच वर्षांच्या मुलाचे काय होत असेल?

मुलांच्या बाबतीत आणखी एक अडचण असते. क्योतो येथील शोजी इताकुरा आणि माको ओकांदा यांनी २००८ आणि २०१० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासांत जपानी मुलांना ओळखीच्या वस्तूंविषयी ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढेच उत्तर मागणारे प्रश्न विचारले. तीन वर्षांच्या मुलांचा कल ‘हो’ म्हणण्याकडे दिसून आला, मग खरे उत्तर ‘नाही’ का असेना. असाच कल कॅनडातल्या लहान मुलांतही आढळला आहे. मार्टिन ह्यूज आणि रॉबर्ट ग्रीव्ह यांनी १९८० साली तर पाच आणि सात वर्षांच्या मुलांना मुद्दाम निरर्थक प्रश्न विचारले: दूध पाण्यापेक्षा मोठे आहे का? लाल रंग पिवळ्यापेक्षा जड आहे का? जवळजवळ सर्व मुलांनी गंभीरपणे उत्तरे दिली. आपण हसू, पण मुलाच्या बाजूने पाहा. मोठे माणूस विचारते आहे, अर्थी त्यात काही तरी अर्थ असलाच पाहिजे. तो शोधून उत्तर देणे हे आपले कर्तव्य, अशी त्याची श्रद्धा असते. मूल मूर्ख असते म्हणून नव्हे, सौजन्यशील असते म्हणून असे उत्तर देते.

एडिंबरो नगरीत मार्गारेट डोनाल्डसन आणि जेम्स मॅकगॅरिगल यांनी १९७४ साली केलेला प्रयोगही ध्यानात ठेवण्याजोगा आहे. सोंगट्यांच्या दोन सारख्या रांगा मुलाला दाखवावयाच्या, ‘सारख्या आहेत का?’ असे विचारावयाचे. मग मोठ्या माणसाने एक रांग विस्कटून पुन्हा तेच विचारावयाचे. पुष्कळ मुले दुसऱ्या वेळी उत्तर बदलत, आणि त्यावरून मुलांना संख्येची समज नाही असा निष्कर्ष पूर्वी काढीत. या दोघांनी रांग विस्कटण्याचे काम एका खोडकर खेळण्यातल्या अस्वलाकडे दिले. आता कितीतरी अधिक मुलांनी ‘सारख्याच आहेत’ असे बरोबर उत्तर दिले. मोठ्या माणसाने मुद्दाम काही हलविले आणि तोच प्रश्न पुन्हा विचारला, तर मुलाला वाटते, माझे पहिले उत्तर चुकले असावे किंवा आता काही निराळे विचारावयाचे आहे. तोच प्रश्न दहादा विचारून जबाब फिरविण्याची कला पोलीस ठाण्यात आणि कारखान्याच्या ऑफिसात कशी चालते, हे आमच्या श्रोत्यांपैकी अनेकांना सांगावयास नको.

या सर्व संशोधनाचा व्यवहारात उपयोग होऊ लागला आहे, ही समाधानाची गोष्ट. जपानमध्ये होक्काइदो विद्यापीठातील माकिको नाका यांनी अत्याचारग्रस्त किंवा साक्षीदार मुलांची मुलाखत कशी घ्यावी याचे शिक्षण देण्याचे काम चिकाटीने केले. २०१५ साली तेथे बालकल्याण केंद्रे, पोलीस आणि सरकारी वकील यांनी परस्परांशी सहकार्य करून मुलाला वारंवार प्रश्न विचारणे टाळावे, अशा सूचना निघाल्या. आपल्याकडे लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण करणारा २०१२चा कायदा आहे. त्याच्या ३३व्या कलमानुसार सरकारी वकिलाने किंवा आरोपीच्या वकिलाने आपले प्रश्न न्यायालयाकडे द्यावयाचे आणि न्यायालयाने ते मुलाला विचारावयाचे असतात. मुलाला साक्षीसाठी वारंवार बोलाविले जाऊ नये असेही त्यात म्हटले आहे. कायद्याने वाट करून दिली. पण न्यायासनावरून विचारलेला प्रश्नही द्व्यर्थी असू शकतो. “तू कोठे त्या माणसाने मारले असे आईला सांगितलेस?” असा प्रश्न झाला आणि मुलाने “अंगणात” म्हटले, तर मार अंगणात बसला की आईला अंगणात सांगितले? पुढे उलटतपासणीत मुलाने दुसरी जागा सांगितली, की साक्षीदार डळमळला असा शेरा. मूल खोटे बोलले नाही. एकदा एका दाराने आत गेले, एकदा दुसऱ्या दाराने, इतकेच. दोन्ही दारे आपणच उघडी ठेवली होती.

मराठी बोलणाऱ्यांनी येथे विशेष सावध राहावयास हवे. जपानीत पोटवाक्य आधी येते. इंग्रजीत ते नंतर येते. मराठीला दोन्ही चाली अवगत आहेत. “मी बागेत फुलपाखरू पकडणार असे ती म्हणाली” ही जपानी चाल. “ती म्हणाली, की मी बागेत फुलपाखरू पकडणार” ही इंग्रजीसारखी चाल. म्हणजे आपल्या हातात अधिक हत्यारे आहेत. पण हत्यारे अधिक असली की कोणते कधी उचलावे हे ठाऊक असावे लागते. मुलाला किंवा घाबरलेल्या माणसाला विचारताना सर्वांत उत्तम चाल म्हणजे वाक्य तोडावे. “तू आईला हे कोठे सांगितलेस?” हा एक प्रश्न. उत्तर घ्यावे. “त्याने तुला कोठे मारले?” हा दुसरा प्रश्न, आणि येथेही ‘कोठे’ म्हणजे शरीरावर कोठे की घरात कोठे, हे स्पष्ट करावे. प्रश्नाचा शब्द ज्या क्रियापदाचा असेल त्याच्या लगत ठेवावा. नकारार्थी प्रश्न करूच नये. ‘हो-नाही’चा प्रश्न शक्य तेथे टाळून ‘काय झाले ते सांग’ असे म्हणावे. उत्तर मिळाल्यावर तोच प्रश्न पुन्हा विचारावयाचा असेल, तर “तुझे उत्तर चुकले म्हणून नव्हे, मला नीट लिहून घ्यावयाचे आहे म्हणून विचारतो” असे आधी सांगावे. ‘मला ठाऊक नाही’ आणि ‘मला प्रश्न कळला नाही’ असे म्हणण्याची मुभा मुलाला सुरुवातीलाच द्यावी.

शिक्षकांनी हे केले तर वर्गातली पुष्कळशी ‘ढ’ मुले ढ राहणार नाहीत. प्रश्नपत्रिका काढणाऱ्यांनी केले तर कित्येक मुलांचे हकनाक जाणारे गुण वाचतील. दवाखान्यात डॉक्टरांनी केले तर दुखणे लवकर सापडेल. आणि घरी आईबापांनी केले, तर “विचारले एक आणि सांगतो भलतेच” म्हणून मुलाच्या पाठीत बसणारा धपाटा टळेल. त्या मुलाने बहुधा भलते सांगितलेलेच नसते. आपल्या प्रश्नाचा जो अर्थ त्याला प्रथम भेटला त्याचे खरे आणि नेमके उत्तर त्याने दिलेले असते.

चौकशीच्या कागदांवर नेहमी उत्तर देणाऱ्याची सही घेतात. प्रश्न विचारणाऱ्याच्या शब्दांची जबाबदारी कोणी घेत नाही. आमची मागणी अशी आहे, की यापुढे उत्तर तपासण्यापूर्वी प्रश्न तपासला जावा. शाळेत, कोर्टात, कारखान्यात आणि घरात. या मागणीसाठी संप करण्याची गरज नाही, मोर्चाची नाही. आज रात्री घरी गेल्यावर मुलाला काही विचाराल, तेव्हा आपल्या वाक्यात क्रियापदे किती आहेत एवढे मोजून पाहा. दोन निघाली तर प्रश्नही दोन करा.